दोन नावांमधली रेघ

परवा आमच्या ऑफिसात दीड तास एका रेघेवरून वाद झाला. रेघ म्हणजे अक्षरशः रेघ. स्क्रीनवर एक मोठा तक्ता असतो, त्यात ओळीखाली ओळ अशा चाळीसेक नोंदी दिसतात, आणि दोन ओळींच्या मधे एक बारीकशी, एका पिक्सेलची करडी रेघ असते. ती असावी की नसावी? चहा दोनदा झाला, निर्णय काही झाला नाही.

मंडळी, तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरवाले आहेत ते हसतील, कारण त्यांनी असे वाद पाहिलेले आहेत. आणि आमचे नातेवाईक (जे हा ब्लॉग वाचतात, पण कमेंट न टाकता फोन करतात) ते म्हणतील, ह्याला एवढा पगार रेघा ओढायला देतात काय? हो. बऱ्याचदा त्यासाठीच देतात.

आम्ही पतसंस्था आणि दूध संकलन केंद्रांसाठी विंडोजवर चालणारे प्रोग्रॅम लिहितो. ब्राउझरमधले नाही, साधे डेस्कटॉपवरचे. नेट गेलं तरी चालायला हवेत म्हणून. तर आमच्याकडे नवीन आलेला एक मुलगा आहे, हुशार आहे, डिझाइन शिकून आलाय. त्याने सगळ्या तक्त्यांमधल्या आडव्या रेघा एका दिवसात पुसून टाकल्या. म्हणाला, "सर, आता कोणी रेघा ठेवत नाही. मोकळं दिसायला पाहिजे." मी विचारलं, "कुणाला?" तर तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी एडवर्ड टफ्टीचं पुस्तक घेऊन आला. टफ्टी हा अमेरिकन प्राध्यापक, माहिती चित्ररूपात कशी मांडावी यावर त्याचं १९८३चं एक गाजलेलं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कागदावरची जी शाई माहिती सांगत नाही ती शक्य तेवढी काढून टाका. जाळीच्या रेघा तर फिकट तरी करा नाहीतर गाळा. पुस्तक माझ्याकडेही आहे. पटतंही. एक्सेल उघडून छापून पाहा, स्क्रीनवर दिसणाऱ्या फिकट रेघा कागदावर आपोआप येत नाहीत, तुम्हाला हव्या असतील तर मुद्दाम सांगावं लागतं. म्हणजे मायक्रोसॉफ्टलाही रेघ ही सोय वाटते, मजकूर नव्हे.

तरी मी त्या मुलाशी भांडलो. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

भूम तालुक्यात माझ्या चुलतभावाचं दूध संकलन केंद्र आहे. जिल्हा धाराशिव. (आमच्या शाळेच्या दाखल्यांवर उस्मानाबाद आहे, २०२३ पासून सरकारी कागदावरही धाराशिव झालं.) आमच्याकडचा खवा आणि पेढा प्रसिद्ध आहे हे मी इथे मागे दोनदा लिहून झालंय, त्यामुळे आता लिहीत नाही. तर हे केंद्र म्हणजे एक दहा बाय बाराची खोली, बाहेर कॅन, आत वजनकाटा, फॅट मोजायचं मशीन, एक संगणक आणि एक ट्यूबलाइट. पहाटे पाचला माणसं किटल्या घेऊन येतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर लागतो, त्याच्या वरखाली झालं की दर बदलतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. शिवाय पेंडेची कपात आणि उचल. दर दहा दिवसांनी बिल. गावात त्याला दुधाचा पगारच म्हणतात.

भावाने सुरुवातीला कुठूनतरी विकत घेतलेला एक प्रोग्रॅम होता. त्यात सभासदांची यादी अशीच मोकळी, पांढरीशुभ्र, रेघांशिवाय. दिसायला छान. आता आमच्या गावात काय, निम्मं गाव एका आडनावाचं. यादीत एकतीस आणि बत्तीस नंबरला दोघांचं नाव आणि आडनाव तंतोतंत एक, फरक फक्त बापाच्या नावात. नाव डावीकडे, कपातीचा रकाना पार उजवीकडे. मधे आठ रकाने. पहाटेची वेळ, समोर रांग, डोळे चोळत नजर डावीकडून उजवीकडे न्यायची. एकदा नजर एका ओळीने घसरली आणि पेंडेच्या दोन पोत्यांची कपात भलत्याच्या नावावर पडली. बिलाच्या दिवशी त्या माणसाने काही न बोलता किटली उचलली आणि दुसऱ्या दिवसापासून दूध शेजारच्या गावी घालायला सुरुवात केली. भांडला असता तर परवडलं असतं. भावाने पैसे परत दिले, घरी जाऊन आला, तरी तो माणूस परत यायला वर्ष लागलं.

त्या दिवाळीत मी भावाला आमचा प्रोग्रॅम बसवून दिला. तेव्हा मी विचार केला तो एवढाच, की नजरेला धरायला कठडा पाहिजे.

थोडं कामाचं बोलतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. आम्ही सुरुवात केली व्हिज्युअल बेसिक सहावर. त्यात फ्लेक्सग्रिड नावाचा तक्ता होता, त्याच्या रेघा चार तऱ्हांच्या: नसलेल्या, सपाट, आत खोचलेल्या आणि वर उठलेल्या. ते खोचलेलं-उठलेलं त्या काळात फार भारी वाटायचं, आता पाहिलं की जुन्या लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं होतं. २००५ साली डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीत डेटाग्रिडव्ह्यू आला. त्यात रेघेचा रंग बदलता येतो, फक्त आडव्या किंवा फक्त उभ्या ठेवता येतात, एक सोडून एक ओळ वेगळ्या रंगाची करता येते (जुन्या लाइन प्रिंटरचा हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद आठवतोय का कुणाला? तीच युक्ती). आणि एक गुणधर्म आहे ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, डिव्हायडरहाइट. ठरावीक ओळीच्या खालची रेघ तेवढी जाड करता येते. मी दर पाच ओळींनंतर तीन पिक्सेलची रेघ टाकली आणि मधल्या रेघा फिकट ठेवल्या. भाऊ बघून म्हणाला, "वाफे पाडले की रे तू." बरोबरच आहे. कांद्याच्या रानात वाफे पाडतात ते काही शोभेसाठी नाही, पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून.

फिकट म्हणजे किती फिकट, हा वेगळा विषय. आमच्या ऑफिसातल्या चांगल्या मॉनिटरवर जी करडी रेघ नाजूक आणि सुंदर दिसते ती भावाच्या केंद्रातल्या जुन्या, स्वस्त, धूळ बसलेल्या मॉनिटरवर नसतेच. तिथे जरा बाजूने पाहिलं की सगळे फिकट रंग पांढऱ्यात विरून जातात. आणि भाऊ तर कायम बाजूनेच पाहतो, कारण त्याचं अर्धं लक्ष वजनकाट्याकडे. म्हणून मी रेघेचा रंग पुण्यात ठरवत नाही, गावी गेल्यावर ठरवतो. आणखी एक गंमत. हल्लीचे लॅपटॉप सगळं सव्वापट मोठं करून दाखवतात. एका पिक्सेलची रेघ सव्वापट केली की ती धड एकाही नाही आणि धड दोनही नाही. मग काही ओळींखाली ती बारीक येते, काहींखाली जाड, काहींखाली पुसट, आणि बघणाऱ्याला वाटतं ह्या जाड रेघेला काहीतरी अर्थ असणार. त्यासाठी रेघ पूर्ण पिक्सेलवर बसवण्याची वेगळी तजवीज करावी लागते. असो.

रेघांचा हा छळ आपल्या लिपीला नवा नाही, याची मला एक गंमतशीर आठवण आहे. डॉसच्या काळात स्क्रीनवर चौकट काढायची तर त्यासाठी खास खुणा होत्या. १७९ म्हणजे उभी रेघ, १९६ म्हणजे आडवी, २१८ म्हणजे डावीकडचा वरचा कोपरा. आमच्या पिढीच्या प्रोग्रॅमरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ. पण भारतीय लिप्यांसाठी जो इस्की नावाचा संकेत ठरला, त्याने संकेतांच्या वरच्या निम्म्यात, म्हणजे नेमक्या त्याच भागात, अक्षरं बसवली. तिथे १७९ म्हणजे 'क' आणि १९६ म्हणजे 'द'. परिणाम काय? एका पतसंस्थेच्या संगणकावर मी स्वतः पाहिलंय, खातेउताऱ्यात दोन ओळींच्या मधे रेघेऐवजी दददददददददद अशी रांग आणि दोन्ही कडांना क, क, क. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "ते द सोडून वाचायचं." पुढे १९९१च्या इस्की मानकात पीसीसाठी वेगळी मांडणी दिली गेली, तिच्यात रेघांची जागा मोकळी सोडून अक्षरांनी दोन बाजूंना सरकून घेतलं. रेघेसाठी अक्षरं सरकली! टफ्टीला हे सांगायला हवं होतं.

आणि मोडीत तर आधी रेघच. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. आपण देवनागरीत शब्द लिहून मग शिरोरेषा देतो, तिथे उलटं. जुन्या व्यापाऱ्यांच्या लाल कापडी वह्यांत रकान्यांसाठी रेघा आखतच नसत, कागदाला घड्या घालून सळ पाडत. उभी रेघ घडीची, आडवी रेघ अक्षरांची, शाई फक्त मजकुराला. टफ्टी खूश झाला असता.

इथे मला आमच्या त्या डिझायनर मुलाचं एक म्हणणं मान्य करायलाच हवं, कारण त्याने नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. तो म्हणाला, "सर, इंग्रजी यादीत रेघा चालतात, पण आपल्या मराठी यादीत फार गर्दी होते." खरं आहे. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर रेघ नाही. त्यामुळे ओळीखालची रेघ ही त्या पानावरची एकमेव आडवी रेघ असते. आपल्याकडे प्रत्येक शब्द स्वतःच एक रेघ घेऊन येतो. तक्त्यातल्या ओळीची मूळची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची. त्यात आपली वेलांटी आणि रफार वर चिकटतात, उकार आणि ऋकार खाली कापले जातात, आणि वरच्या ओळीखालची रेघ खालच्या ओळीच्या शिरोरेषेपासून जेमतेम चार-पाच पिक्सेलवर येते. दोन समांतर रेघा, एक अक्षराची, एक तक्त्याची. नजरेला कळत नाही कुठली कुणाची. म्हणून मराठी तक्त्यात ओळ चांगली उंच ठेवायची, आणि रेघ अशी हवी जी शिरोरेषेसारखी दिसणार नाही. ठिपक्यांची! शब्दाच्या डोक्यावर ठिपक्यांची रेघ कधीच नसते. पण डेटाग्रिडव्ह्यूमध्ये ठिपक्यांची रेघ तयार मिळत नाही. ओळ रंगवून झाली की मागाहून आपणच ती टिंबटिंब ओढायची, त्यासाठी सहा-सात ओळींचा कोड लागतो. दीड तासाच्या वादानंतर आमचं एवढ्यावर तोडपाणी झालं: ओळीची उंची त्याच्या मनासारखी, ठिपके माझ्या मनासारखे.

त्याने विचारलं, "ठिपक्यांचं कुठून सुचलं?" मी म्हटलं, सातबाऱ्यावरून. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको, पण आमचे काही वाचक तीन पिढ्या शहरात आहेत म्हणून सांगतो. सातमध्ये जमीन कुणाची, किती, तिच्यावर कुणाचे काय हक्क. बारामध्ये पीक कुठलं. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुने कागद म्हटले की खासरा पत्रकं, उर्दू, मोडी असला सगळा मामला. पण आमच्या पिढीने पाहिला तो तलाठ्याच्या हातचा सातबारा. लांबलचक कागद, छापील रकाने. उभ्या रेघा छापलेल्या, आडव्या रेघा नाहीतच, कारण कुणाच्या नावावर किती माणसं येतील हे छापणाऱ्याला काय माहीत? नावाखाली नाव, त्याखाली नाव. फेरफाराचा नंबर गोलात. माणूस गेला किंवा जमीन विकली की त्या नावाला कंस. चांगल्या तलाठ्याचा कंस असा देखणा असायचा की एका नजरेत कळायचं, कोण आत, कोण बाहेर. हाताने लिहिणारा माणूस दोन नावांत आपोआप अंतर सोडतो. त्याला रेघ लागत नाही.

मग सातबारा संगणकावर आला आणि हाताने सोडलेलं ते अंतर गेलं. एक नाव लांब असलं की दोन ओळींवर मोडणार. त्याखाली लगेच दुसरं नाव, तेवढ्याच अंतरावर. म्हणजे एकाच नावाच्या दोन ओळी आणि दोन वेगळी नावं, दिसायला अगदी सारखी.

माझे धाकटे काका २०१५च्या शेवटी गेले. वारसाची नोंद रीतसर झाली, काकांच्या नावाला कंस पडला, खाली काकूचं आणि मुलांची नावं लागली. आता २०१६चा उन्हाळा आठवा. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिलेला, शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्ष. जूनमध्ये पाऊस वेळेवर येणार अशी हवा होती आणि गावातला जो तो पीक कर्जासाठी धावत होता. काकू सातबारा आणि आठ अ घेऊन तालुक्याच्या एका बँकेत गेली. तिथल्या साहेबांनी कागद पाहिला. काकांचं नाव लांब, बापाच्या नावासकट दोन ओळींत गेलेलं. उघडता कंस पहिल्या ओळीच्या सुरुवातीला, मिटता कंस दुसऱ्या ओळीच्या शेवटी रकान्याच्या कडेला चिकटलेला, आणि झेरॉक्समध्ये तो कडेच्या रेघेत मिसळून गेलेला. साहेबांनी कंस उघडलेला पाहिला, मिटलेला पाहिला नाही. खालची ओळ काकूची. म्हणजे तीही कंसात. म्हणाले, "ह्या मयत आहेत."

काकू समोरच्या खुर्चीत बसली होती.

साहेब वाईट नव्हते. चुकीच्या कागदावर कर्ज दिलं तर त्यांच्या अंगाशी येणार. म्हणाले, तलाठ्याकडून दुरुस्त करून आणा. तलाठ्याने मूळ नोंद काढून पाहिली, ती बरोबर होती. त्याचं म्हणणं, "बरोबर असलेलं दुरुस्त कसं करू?" तेही खरंच. लिहिताना झालेली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल कायद्यात कलम १५५ आहे, अधिकार तहसीलदारांना आहेत. पण इथे लिहिण्यात चूक नव्हतीच, वाचण्यात होती, आणि वाचण्याच्या चुकीला कलम नाही. काकूच्या सहा खेपा झाल्या. एसटीने जायचं, दुपारपर्यंत बसायचं, यायचं. पाऊस आला. रान वाफशावर आलं. काकूने सोयाबीनचं बी आणि खत दुकानातून व्याजाच्या उधारीवर उचललं, आणि उधारीचा पहिला हप्ता म्हणून दुभती म्हैस विकली. भावाच्या केंद्रातल्या यादीत तिची ओळ तशीच राहिली, लिटरच्या रकान्यात रोज शून्य. भाऊ म्हणायचा, ती ओळ काढवत नाही, उद्या दुसरी म्हैस घेईल की.

जुलैत मी गावी गेलो आणि काकूबरोबर बँकेत गेलो. मी तिथे जे काय बोललो त्याचा उपयोग झाला असता की नाही, देव जाणे. कारण त्याची गरजच पडली नाही. आदल्या रात्री काकूची नात, आठवीतली, ती कागद बघत बसली होती. तिला प्रकार कळला तेव्हा तिने कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि झेरॉक्सवर लाल पेनाने काकांच्या नावाखाली एक रेघ ओढली. इकडून तिकडे, क्षेत्राच्या, आकाराच्या, फेरफाराच्या रकान्यातून सरळ. तोच कागद दुसऱ्या दिवशी अस्सल नकलेबरोबर साहेबांसमोर गेला. त्यांनी रेघेच्या वर पाहिलं, खाली पाहिलं, अस्सल नकलेत मिटता कंस शोधला, तो होता. म्हणाले, "हां, असं आहे होय." कर्ज मंजूर झालं. पैसे हातात पडेपर्यंत श्रावण आला होता. व्याज जे चढायचं ते चढलं होतं, म्हैस जिथे जायची तिथे गेली होती. त्या साली तूर मात्र उदंड झाली, आणि उदंड झाली म्हणून भाव पडला, ते सगळ्यांनाच माहीत आहे.

पुढच्या वर्षी, २०१७ साली, सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं. संगणकावरचे उतारे गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. मला ही पद्धत फार आवडली. मोठ्याने वाचताना दोन नावांच्या मधे माणूस श्वास घेतोच. काकूचं नाव त्या दिवशी चारचौघांत स्वतंत्र, स्पष्ट वाचलं गेलं.

आणि २०२० साली राज्य सरकारने सातबाऱ्याचा नमुनाच बदलला. बरेच बदल केले. गावाच्या नावाबरोबर गावाचा कोड आला, खाते क्रमांक नावाशेजारी आला, प्रलंबित फेरफारांना वेगळा रकाना झाला, जुने फेरफार क्रमांक एकत्र झाले. पेपरांनी कोड आणि वॉटरमार्कच्या बातम्या दिल्या. माझं लक्ष यादीतल्या एका साध्या वाक्यावर अडकलं: दोन खातेदारांच्या नावांमधे ठिपक्यांची रेघ येणार, नावं स्पष्ट वेगळी दिसावीत म्हणून. मी ते वाक्य तीनदा वाचलं. सबंध राज्याच्या जमिनीच्या कागदात कुणीतरी ओळीखालच्या रेघेचा विचार केला होता, आणि सलग रेघ न घेता ठिपक्यांची घेतली होती. माझ्या मते त्याहून योग्य निवड नाही. सलग रेघ शिरोरेषेत मिसळली असती. शिवाय त्याच बदलांत सलग रेघेला दुसरं काम दिलं होतं: मयत खातेदारांची नावं, फिटलेले कर्जबोजे वगैरे जे पूर्वी नुसते कंसात दाखवत, त्यांच्यावर आता कंसाबरोबर आडवी रेघही मारायची. म्हणजे ठिपक्यांची रेघ वेगळं करणारी आणि सलग रेघ खोडणारी. प्रोग्रॅमर म्हणून मी म्हणेन, एका चिन्हाला एकच अर्थ, नमुनेदार काम.

२०२१च्या दिवाळीला गावी जाताना मी पंधरा रुपये भरून काकूच्या गटाचा डिजिटल सहीचा उतारा काढून नेला. खरं तर मिरवायलाच. ओसरीवर बसून तिला दाखवला. काकू चौथी शिकलेली, बोट ठेवून सावकाश वाचते. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"ही टिपक्याटिपक्याची कशापायी?"

"तुझं नाव वेगळं दिसावं म्हणून. आता कुणी तुला कंसात घालणार नाही."

ती हसली. मग बोट वर सरकलं. काकांच्या नावाला कंस होता आणि नावाच्या मधोमध, अक्षरांच्या अंगावरून, सलग रेघ गेलेली.

"आन् ही?"

मी सांगितलं. माणूस गेला की आता अशी रेघ मारतात, वाचणाऱ्याला चटकन कळावं म्हणून. सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला.

काकू बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "नुसता कंस हुता ते बरं हुतं बापू. आत बसल्यागत वाटायचं."

मग ती उठून आत गेली, लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने तो २०१६चा झेरॉक्स काढून आणला. घडीवर फाटत आलेला, लाल रेघ फिकट गुलाबी झालेली. रेघेच्या वर काका, खाली ती. दोन्ही कागद मांडीवर ठेवून तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. नवा उतारा माझ्या हातात परत दिला.

"ह्यो ब्यांकेत दे," म्हणाली, आणि जुना घडी घालून पुन्हा पेटीत ठेवायला आत गेली.